तिसरी हाक

ऐका. शेंगा फोडता फोडता ऐका. मंगल, आधी दाराची कडी लाव गं. लावलीस? हं.

माझे मामा, तातोबा हवालदार. आमच्या खोऱ्यात पोलीस चौकी एकच, त्यामुळे सगळ्या गावांची राखण त्यांच्याकडं. भाद्रपदाचे दिवस. तालुक्याला गणपती विसर्जनाचा बंदोबस्त आटोपला तोवर शेवटची एसटी निघून गेलेली. मामा निघाले चालत. एकटेच. हातात बॅटरी अन् काठी. घरी मामी जेवायची थांबलेली. मोठ्या पुलानं लांब पडतं म्हणून मढीच्या उताराची, ओढ्यातून जाणारी वाट धरली. तिथंच चुकले बघा!

चालतात, चालतात. वाटेवर चिटपाखरू नाही. आपल्याच पावलांचा आवाज, अन् खाली ओढ्याचा. वर डोंगरात पाऊस झालेला, ओढा दोन्ही काठ भरून चाललेला. तेवढ्यात शेजारी कुणीतरी चालायला लागलं.

"हवालदार, एकटेच?"

बघतात तर एक शिपाई. निळी टोपी, खाकी अर्धी चड्डी. मामांना बरं वाटलं. का नाही वाटणार? एवढ्या अंधारात आपल्यातलं माणूस!

"चला, सोबत झाली," मामा म्हणाले.

"मलाही," तो म्हणाला. "फार दिवसांनी."

आता मला सांगा, शिपायांना फुल पँट येऊन किती वर्षं झाली होती तेव्हा! पण दमलेल्या माणसाला ते सुचतंय होय? जरा पुढं गेल्यावर मामांच्या ध्यानात आलं, पावलं एकाचीच वाजतायत. त्याच्या पायांवर बॅटरी मारली. वाटभर चिखल, अन् ह्याचे बूट कोरडे ठणठणीत! बॅटरी फटकन विझली.

अन् ओढ्यातून हाक आली. "वाचवाऽऽ!" बाईची.

मामा धावले. शिपायानं मागून कमरेचा पट्टा धरला. "थांब. एका हाकेला ओ देऊ नये. भूत असेल."

खरंय ना? आपल्याकडं रीतच आहे. भूत दोनदाच बोलावतं. तिसरी हाक आली तर माणूस समजायचं. आपण सगळे तसंच करतो.

दुसरी हाक आली. बारीक. घोगरी.

"तिसरी येऊ दे," तो म्हणाला. "तुला बायको आहे."

मामा काठावरच थांबले. अन् मागून, अगदी मामीचा आवाज! "अहो, मागं फिरा! ताट वाढलंय!"

अगं बाई, अजून काटा येतो अंगावर. पुढं मरण, मागं घर. मामा म्हणायचे, मला त्या वेळी घरीच जावंसं वाटलं. पण तिसरी हाक येईना. येईना म्हणूनच त्यांना कळलं. बुडणाऱ्याच्या तोंडात पाणी जातं, ते तिसरी हाक मारणार कसं?

मामांनी पट्ट्याचं बक्कल सोडलं. पट्टा त्याच्या हातात, मामा पाण्यात!

डेअरीला दूध घालून परतताना ओढ्यात वाहून गेलेली गावातली चंद्रा करंजाच्या फांदीला लोंबकळत होती. किटली अजून कोपरात अडकलेली. मामांनी तिला कसंबसं पलीकडच्या काठाला लावलं. वळून बघतात तर तो अलीकडं उभा, पट्टा हातात धरून.

"मला सोडून चाललास?" एवढंच म्हणाला. रडवेला.

म्हाताऱ्या पाटलांनी नंतर सांगितलं, तो केरबा शिपाई. त्याच काठावर तो एकदा तिसऱ्या हाकेची वाट बघत थांबला होता. सकाळी एका धनगराचं प्रेत काठाला लागलं. केरबाला कुणी शिक्षा केली नाही, दोषही दिला नाही. गेला असता तर कदाचित तोही बुडाला असता. पण तो काठावरून उठेना. तिथंच बसून बसून संपला.

घरी मामी रागानं पेटली. "मी कशाला हाक मारू तिथं येऊन? अन् पाण्यातलं भूत निघालं असतं म्हणजे?"

"तर मी एकटाच गेलो असतो."

"एकटा? आणि मी कुणाची वाट बघायची?"

पुढं एकदा मामी बाजारातून नवा पट्टा घेऊन आली. स्वतः त्यांच्या कमरेला बांधला अन् म्हणाली, "बक्कल ढिलं बघून आणलंय. पटकन सुटतं."

तर त्या वाटेनं जाऊ नका गं. पुलावरून जा, लांब पडू दे. तो अजून तिथं पट्टा घेऊन उभा असतो, सोबत मागतो. वाईट वाटतं मला त्याचं, फार वाटतं. पण जावंच लागलं, अन् पाण्यातून हाक आली, तर त्याच्यापाशी थांबू नका.