नानांची खरी नक्कल

कॅसेटचा विषय काढलाच आहे, तर आमच्या नानांचं ऐका. नाना म्हणजे माझे वडील, भडगावच्या कोर्टात अर्ज घेऊन कागदांच्या नकला देणारे कारकून. आमचा टेप फीत खायचा. म्हणून नाना विकत घेतलेली मूळ कॅसेट कपाटात ठेवायचे आणि बाजारातल्या दुकानातून तिच्यावरून भरून आणलेली वाजवायचे. भरलेल्या कॅसेटवर कोर्टातल्या सवयीने लिहायचे ‘खरी नक्कल’, आणि खाली सही.

एकदा चोरून कॅसेट भरून विकतात म्हणून त्या दुकानावर पोलिसांची धाड पडली. दुकानदार धावत घरी आला. “नाना, बठ्ठ्या कॅसेटा लई गयात. तुमन्याबी तीन.” पोलिसांनी सगळ्या उचलून नेल्या होत्या, तुटलेली फीत जोडायला दिलेल्या आमच्या तीन नकलासुद्धा.

मी तेव्हा कॉलेजात होतो. नानांबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. फौजदार हसत म्हणाले, “चोरी करून वर सही? गुन्हा कबूलच केलात की.”

नानांनी पिशवीतून तीन मूळ कॅसेट काढून पावत्यांसकट टेबलावर मांडल्या. “चोराकडे पावती असते का, साहेब? माल माझा, ऐकणारे कान माझे. एकही विकली नाही, कुणाला दिली नाही.”

फौजदारांनी एकेक ताडून पाहिली आणि परत केली. मग हळूच म्हणाले, “यातली भजनांची मलाही भरून आणून द्या ना.”

“मूळ आणा, मग देतो.”

 माझ्या बापाला असं ताठ उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आठ दिवसांनी फौजदार भजनांची नवी मूळ कॅसेट आणि पावती घेऊन आमच्या ओट्यावर हजर. नानांनी कॅसेटला हात लावण्याआधी त्यांच्याकडून नकलेचा रीतसर अर्ज लिहून घेतला.