खंडेनवमीची भट्टी

मी मूळचा निफाडकडचा, ताई. बाप दुसऱ्याच्या द्राक्षबागंत छाटणीला जायचा, मला ते नको होतं, म्हणून नाशकाला आलो अन् सातपूरच्या एमआयडीसीत या कंपनीत चिकटलो. तेव्हा कंपनी कसली, पत्र्याचं शेड, दोन लेथ अन् एक विजेची भट्टी. अन् तुमच्या पुस्तकात काय लिव्हलंय, तर मोठ्या शेठची दूरदृष्टी! अहो कसली दूरदृष्टी, चष्मा कपाळावर अन् शोधायचा टेबलाखाली. कंपनीला पन्नास वर्षं झाली म्हणून धाकटे शेठ गुळगुळीत कागदाचं पुस्तक काढतायत, तुम्हाला धाडलंय, जुन्या माणसाकडून दोन गोड शब्द आणा म्हणून. गोड तर मला डॉक्टरनं बंद केलंय.

आम्ही काय बनवायचो, तर खाणीचे बिट. मुठीएवढं पोलादाचं डोकं, तोंडाला कडक बटणं ठोकलेली. ते मशीनला लावतात, खडकात भोक पाडतात, मग भोकात दारू भरून सुरुंग उडवतात. आता पोलाद भट्टीत नीट भाजलं नाय तर ते मऊ राहतं, झिजतं, बटणं गळून पडतात, म्हाताऱ्याच्या दातासारखी. तर सगळा खेळ भट्टीचा. अन् भट्टी कोणाची, तर भिकादादाची. तो पण आमच्याच बाजूचा, चौथी शिकलेला, पण माल कधी टाकायचा, कधी काढून तेलात बुडवायचा, हे त्यानंच बसवलं. शेठला काय येत होतं? शेठला गिऱ्हाइकापुढं हसता येत होतं. लय छान हसायचे.

मी भिकादादाच्या हाताखाली. त्यानं मला भावासारखं शिकवलं, डब्यातली अर्धी भाकर द्यायचा, काय सांगू तुम्हाला.

तर खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी मशीन बंद ठेवून हळदकुंकू लावायचं, पूजा करायची. पण खाणीची ऑर्डर घाईची, म्हणून शेठनीच सकाळी भट्टीत माल टाकायला लावला. भिकादादाला घरी विळ्या-कोयत्याची पूजा करायची होती, तो मला म्हणला, संध्याकाळी येतो, तोवर भट्टीच्या गरमीचा काटा खाली येऊ देऊ नको, काय वाट्टेल ते झालं तरी. मी म्हणलो, नाय येऊ देत दादा. तो एसटीनं निफाडला गेला.

दुपारी शेठ भटजीला घेऊन आले. भटजीला अजून चार कारखाने करायचे, तो घड्याळ बघतोय. शेठ म्हणले, भट्टी बंद कर, चालत्या मशीनची पूजा होत नाय. मी म्हणलो, शेठ, माल हाय आत. तर म्हणले, देवाच्या कामात खोडा घालतो का, पूजा झाली की कर परत चालू, कोणाला कळतंय. देव, म्हणे! शेजारच्या कारखान्यात पेढे वाटले होते अन् आपल्याकडं पूजा राहिली, ही खरी आग होती त्यांना. अन् मी शहाणा, मी केली बंद. माझ्या हातानं. पूजा, आरती, फोटो, नारळ, सगळं होऊन पेढे खाईस्तोवर काटा पार खाली. मग परत चालू केली. संध्याकाळी भिकादादा आला, म्हणला, काटा उतरला नव्हता ना रं? मी म्हणलो, नाय दादा.

महिन्यात माल परत आला. बटणं गळालेली, काही बिट तर भोकातच अडकून बसलेले. शेठनी सगळ्यांना शेडमधी उभं केलं अन् भिकादादाला म्हणले, भट्टी वाऱ्यावर सोडून घरी गेलास, तुझ्यापायी कंपनीचं नाक कापलं. भिकादादानं एक बिट हातात घेतला, उलटासुलटा बघितला, मग माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. त्याला काढला. अन् भट्टी कोणाला दिली? मला. रिटायर होईस्तोवर मीच होतो, सत्काराची शाल पण घेतली. शेठ हलकट खरेच, पण त्यांना निदान ठाऊक नव्हतं पोलाद काय असतं. मला ठाऊक होतं.

अन् मागच्या खेपेला तुम्ही पुस्तकातलं ते पान वाचून दाखवलं, एका कामगाराच्या हलगर्जीपणातून आम्ही गुणवत्तेचा धडा घेतला, अन् खाली भिकादादाचं नाव. थू! म्हणून मी तुम्हाला आठ दिवसानं या म्हणलो अन् निफाडला गेलो. भिकादादानं पुढं लासलगावला कांद्याच्या गोण्या उचलल्या, आता पाठ गेलीय, खाटेवरच असतो. मी सगळं सांगितलं. तो म्हणला, मला तेव्हाच कळलं होतं, बिट हातात घेतला तेव्हाच, भट्टी मधी बंद झाल्याबिगर असं होत नाय. मी म्हणलो, मग बोलला का नाय? तर म्हणला, तू बोलशील म्हणून. गेटवर थांबलो होतो, शिफ्ट सुटेस्तोवर.

ताई, त्या दिवशी मी मागच्या गेटनं गेलो.

लिव्हा हे, माझ्या नावानिशी. धाकटे शेठ छापायचे नायत, मला माहितीये, पण तुम्ही लिव्हलेला कागद मला द्या, तो मी भिकादादाच्या सुनेला त्याला वाचून दाखवायला लावीन. देव तुमचं भलं करो. जावा आता, ऊन व्हायच्या आत.