गच्चीवरचा जोड

"ही पावाची रांग हलेल तर शपथ!" ओस्वेल करवादला. मघाशी त्याच्यामागे येऊन उभ्या राहिलेल्या नीएवेसने "शेवटचं कोण?" विचारलं, तेव्हा रांगेत शेवटचा असूनही त्याने धड हातही वर केला नव्हता.

"पावावर कशाला राग काढतोस?" त्याची बायको इदाल्मिस म्हणाली.

"गच्चीवरचा तो कॉम्प्युटर काढून टाकतोय मी."

"अरे, दोन गल्ल्यांची नेटवर्कं जोडायला तूच बसवलास ना? केवढा फुगला होतास!"

"तेव्हा पलीकडच्या गल्लीतून रोज दुपारी तुला निरोप येत नव्हते."

"वाचतोस?"

"कुणाकडून कुणाला, तेवढंच दिसतं. लिवानकडून. तुला."

"शेवटचं कोण?" मागून कुणीतरी विचारलं. ऐकण्याच्या नादात नीएवेस हात वर करायचंच विसरली.

"काढ खुशाल," इदाल्मिस म्हणाली. "मी त्याच्याकडे चालत जाईन."