भानुदासचा उडता पलंग

मंडळी, बसून घ्या. मला लई बोलवणार न्हाई. दवाखाना, मग दहावा, आता ही सभा. पाय भरून आलेत. पण सगळे म्हणले, तू त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, तूच बोल.

भानुदास टेलरनं पाथर्डीतल्या किती जणांचे कपडे शिवले, ते तुमी सांगालच. मी पिक्चरचं सांगतो. लहानपणी आमी जत्रेतल्या तंबूत बघितलेला. नाव ध्यानात न्हाई, आमी त्याला पलंगाचा पिक्चर म्हणायचो. राजपुत्र पलंगावर बसून आभाळात उडायचा. ढग कापसाचे. पलंगाची दोरी सुद्धा दिसायची. भानुदास म्हणायचा, दिसू दे की, वर कुणीतरी जीव लावून ओढत असंल.

त्या दिवशी तंबूवाल्यानं रिळं मागं-पुढं लावली. शेवटचं आधी लागलं. म्हणून राजपुत्र आधी मेला, राजकन्या रडली, अन् मग तो पलंगावर बसून परत आला. थाटात लग्न लागलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. चुकलंय असं कुणालाच वाटलं न्हाई.

मागल्या साली त्याच्या पुतण्यानं तो पिक्चर मोबाईलवर हुडकून दिला. त्यात राजपुत्र शेवटी मरतो अन् पिक्चर संपतो. भानुदासनं मशीन बंद ठेवून सगळा बघितला. मोबाईल परत देत म्हणाला, "हा आपला न्हाई. आपल्यात तो परत येतो." दवाखान्यात सुद्धा त्यानं माझ्याकडनं कबूल करून घेतलं, कुणाला सांगशील तर आपण बघितला तसाच सांग.

सांगीन की. पण थकलो, मंडळी. ज्यांनी बघितलाच न्हाई त्यांना ते ढग एकट्यानं कितींदा समजावू? हाय का इथं कुणी, त्या तंबूत असलेलं? असंल तर हात वर करा.

वहिनी? तुमी?

मागच्यांना ऐकू आलं नसंल. भानुदासच्या मंडळी म्हणत्यात, मी बायकांच्या बाजूला आईजवळ बसले हुते, तो परत आलेला मी बघितलाय.

अहो वहिनी, मग जन्मभर त्याला बोलला न्हाईत?

म्हणत्यात, "त्यांना सांगायची लई हौस. म्हणून मी दरवेळी नव्यानं ऐकायचे."

उभे राहा सगळे. वहिनी, तुमी बसूनच राहा. भानुदाससाठी जरा वेळ शांत राहू.