जुनाच अंगठा

त्वचेच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर शिलाईवाल्या बाई नंबरची वाट बघत होत्या. पुढच्या बाकावर एक गवंडी आणि त्याची थोरली बहीण बसली होती. बाईंचे कान आपोआप तिकडे लागले.

"सांधेदुखीची साधी गोळी, ताई, पण अशी अंगावर उलटली!"

"मला सांगतोस? तोंड सुजून डोळे मिटलेले, अंगाची सालपटं निघत होती. माझ्या तर तोंडचं पाणी पळालं."

"स्टेरॉइडनं वाचवलं."

"वाचवलं, आणि तू शहाण्यानं परस्पर गोळ्या बंद केल्यास. पुन्हा पेटलास!"

"बरं वाटत होतं गं."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी टेकू काढतोस का?"

"तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. मग त्या सांगतील तशीच गोळी कमी करत आलो."

"आणि हजेरीचं मशीन? अजून ओळख देत नाही?"

"अंगठ्याची कातडीच गेली, ते तरी काय करणार! म्हटलं, नवी कातडी आली, आता नवा अंगठा नोंदवावा लागणार. आज सकाळी उगाच टेकवून बघितला."

"मग?"

"हिरवा दिवा लागला, ताई. माझंच नाव आलं. त्याच रेषा, जशाच्या तशा!"

"बघू... अगंबाई! कुणी रे जपून ठेवल्या असतील?"

"काय माहीत. जन्मभर भिंती बांधल्या मी. पडलेली भिंत आपली आपण, त्याच ओळंब्यात उभी राहिलेली आजच बघितली."

आतून शिलाईवाल्या बाईंचा नंबर दोनदा पुकारला गेला. त्या आपला सुईनं टोचलेला अंगठा खिडकीच्या उजेडात धरून बसल्या होत्या.