चाफ्याले पाणी नको

माहेर माहं समुद्रपुराकडचं, अन् दिलं मले आर्वीच्या इकडे, लग्नात दहा-अकरा वर्साची असन, तवापासून मालगुजाराच्या बागेत पाणी घालून राह्यली, विहिरीतून वढा, घागर भरा, संत्र्याईले घाला, मोगऱ्याले घाला, पुन्हा विहीर. आता मालगुजारी गेली, बाग सुकली, माहे दुखरे खांदे तेवढे उरले. थकली मी, गुरुजी. तुमी शाळेत लावाले चाफ्याची फांदी मागाले आले, देईन, नाई काऊन म्हणू, पण पह्यले आयका, नाईतर तुमीबी तेच करसान जे म्या केलं.

माही पोरगी होती, वेणू. सहा वर्साची. लय बडबडी, काय सांगू तुमाले, कोंबड्याईशीबी बोले. एका पावसाळ्यात तिले हगवण लागली, उलट्याबी. सासू म्हणे पाणी देऊ नोको, दिलं का खालून जाते, अन् सारं गावच तसं म्हणे, हगवणीत पाणी तोडाचं, आमच्यात तसंच करत. म्या घागर उचलून बाहेर ठेवली, तिच्या नजरेले पडाले नाई पाह्यजे म्हणून. माय, एक घोट दे वो. नाई बेटा, बरी झाली का देईन, मंग पोटभर पेजो. माय, ओठाले तं लाव. नाई लावलं म्या. दुपार कलली अन् ती गेली. लय दिवसानं दवाखान्यातली नर्सबाई गावात आली, म्हणे अवो बाई, हगवणीत पाणीच द्या लागते. ज्याचं जळते त्यालेच कळते.

नाल्याच्या काठी मातीत ठेवलं तिले. बागेत मारोतीबुवा म्हणून बुढा माळी होता, त्यानं चाफ्याची फांदी दिली, म्हणे लाव तिथं, बकरी तोंड लावत नाई, चीक असते त्याले. पण आठ दिवस सावलीत ठेव, कापलेला भाग वाळू दे, मंग लाव, अन् पाणी घालू नोको, चाफ्याले पाणी नको. आता हे का मले समजत नव्हतं? सारा जनम बागेत गेला. तरी गेली तं घागर घेऊनच गेली, रोज. काळी माती, पाणी धरते, महिन्यात फांदी खालून पिकल्या केळासारखी मऊ झाली, हातात आली. दुसरी लावली. तीबी सडली. बुढा तापला, काऊन पाणी घालून राह्यली वो, येडी झाली का? मंग सांगतलं म्या त्याले, बुवा, तिनं मागतलं होतं, म्या दिलं नाई, आता रिकाम्या हातानं कशी जाऊ तिच्यापाशी? लय रडली तवा.

दुसऱ्या दिवशी बुढ्यानं टोपल्या-टोपल्यानं मुरूम नेला, उंचवटा केला, वाळवलेली फांदी आपल्या हातानं रोवली, अन् मले म्हणे, पानं फुटत नाई तोवर तू इकडे येऊ नोको, माही शपथ हाये. दोन महिने नाई गेली मी. पाय तिकडेच वढत, पण नाई गेली. बुढाबी वारला आता.

झाड पुरुषभर झालं. उन्हाळ्यात एक पान राहात नाई, नुसतं ठुंठ, अन् त्याच ठुंठाले पांढरे फुलं येते, मधात पिवळे, सारे तिच्यावर पडते. लोक म्हणते किती चांगलं झाड. मले राग येते त्याचा, खरं सांगते. त्याले पाणी नको, ते जगलं. जिले पाह्यजे होतं, तिले...

जाऊ द्या. हातभर फांदी कापून देते, सावलीत वाळवजा, मुरमात लावजा, शाळेतल्या पोराईले सांगजा का पाणी घालू नोका. फुलो बापा तुमचं झाड. अन् थांबा, असे नोका जाऊ, ऊन किती हाये. हा पाण्याचा गडवा घ्या. पह्यले प्या. सारं प्या, मंग जा.