दमणीची चाकं

हसणार असाल तरी सांगतो. बैलांची आमची जुनी दमणी मी घरीच दुरुस्त केली होती. तिची चाकं बारा वर्षं टिकली, हे माझंच कसब म्हणून मी कल्याणभर मिरवीत असे.

पत्नी वारली, त्याच उन्हाळ्यात चाकं खिळखिळी झाली. चार दिवसांत लेकीला नणंदेच्या लग्नासाठी मोहन्याला पोचवायचं होतं. मी पाचरी ठोकत बसलो, तसे आरे अधिकच हलू लागले.

लेक म्हणाली, "आप्पा, लाकूड सुकलंय. आई उन्हाळाभर धुण्याचं पाणी चाकांवर ओतायची."

"मला कधी बोलली नाही ती."

"तुम्ही तिला रागवायचात, अंगणात चिखल करतेस म्हणून."

दोन दिवस चाकं भिजवली, लाकूड फुगलं आणि लेक वेळेवर पोचली.

हल्ली अंगणात चिखल मी करतो.